गंधकवाला जावई

आक्रागास, सिसिली. वसंतातलं पहिलं जहाज सुटायच्या आदल्या दिवशी.

लिसिलाकडून आई तिमारेतेला. आनंदात असशील असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. नसशील हे मला ठाऊक आहे.

आई, मी धडधाकट आहे. सगळा हिवाळा समुद्र बंद होता, म्हणून एक ओळही पाठवता आली नाही. आज धक्क्यावर जहाजाला डांबर फासताना पाहिलं आणि लिहायला बसले.

तू निरोप द्यायला का आली नाहीस? तू डोंगरावर बायकांच्या सणाला गेली होतीस हे खरं, पण काका म्हणाला, "आईशी बोलणं झालंय. तिला सण अर्धा टाकून येता येत नाही, आणि वारा फिरला तर जहाज वसंतापर्यंत अडकेल. चल." पिरेउसच्या धक्क्यावर मी मागे वळून वळून पाहत होते. रागावलेली नाही मी, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

नवरा म्हणून सोपात्रोस चांगले आहेत. मोठे आहेत माझ्याहून, बोलतात कमी. त्यांचे वडील आपल्याच एलेउसिसचे, गंधकाच्या मागे इकडे आले आणि इथलेच झाले. आपण घर शुद्ध करायला जाळतो ना, तोच गंधक. खाण गावाबाहेर डोंगराच्या पोटात आहे. ते सकाळी उतरतात, संध्याकाळी वर येतात, आणि कितीही अंघोळ केली तरी वास जात नाही. गावातले लोक त्यांना गमतीने पाताळाचा राजा म्हणतात, आणि मला बघून हसतात.

आता तू चिडशील असं सांगते. इथले लोक म्हणतात, देमेतर आईची पोर इथूनच गेली. इथेच तळ्याकाठी ती फुलं वेचत होती, इथेच जमीन दुभंगली आणि पाताळाच्या राजाने तिला रथात घातलं. आई मशाली पेटवून जगभर हिंडली, रुसून बसली, शेतात दाणा उगवू दिला नाही, तेव्हा कुठे देवांच्या राजाने पोरीला परत धाडायचं कबूल केलं. पण पोरीने तिथले डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, म्हणून वर्षाचा थोडा काळ तिला खाली राहावं लागतं. मी म्हटलं, "हे सगळं आमच्या गावी झालं. ज्या विहिरीवर ती आई बसली होती त्या विहिरीचं पाणी मी भरलंय." तर शेजारीण म्हणाली, "बसली असेल तुमच्याकडे. पोर गेली ती आमच्याकडून. तुमच्या गावाला नुसतं रडणं मिळालं."

हिवाळ्यात जरा सर्दी झाली होती, आता बरी आहे. लवकर लिही.

*

एलेउसिस, सातू कापायला आले असताना. म्हणजे इतरांचे.

तिमारेतेकडून लिसिलाला.

मला कोणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. सणाचा उपास करून मी डोंगरावरून खाली आले तर घर उघडं आणि चूल गार. हाका मारल्या. गावात ज्याला विचारावं तो खाली बघायचा. पलीकडची म्हातारी तेवढी म्हणाली, "मला दिसत नाही, पण पोरीचा आवाज ऐकला बाई, रडवेला होता." मी तशीच पिरेउसला धावले. शीडसुद्धा दिसलं नाही.

तुझ्या काकाला विचारलं तर म्हणतो कसा, "वहिनी, बाप गेलेल्या पोरीचं लग्न करणं माझं काम. तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून नाही विचारलं." हे तो सरळ तोंडावर बोलला. त्या दिवसापासून मी त्याच्या चुलीवरचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. ओढ्याकाठचं शेतही पेरलं नाही. बी घेऊन दोनदा गेले आणि बांधावर बसून परत आले. कोणासाठी पेरायचं?

आणि दिली कुठे, तर मातीखाली राबणाऱ्या काळ्या हाताच्या माणसाला. तू "चांगले आहेत" लिहितेस. तू लहानपणी पडलीस तरी "लागलं नाही" म्हणायचीस आणि गुडघ्यातून रक्त यायचं. सर्दीचं जे लिहिलंस त्यावरही माझा विश्वास नाही.

तू परत ये. काकाच्या मी इतकी मागे लागले की तो लग्न मोडायला तयार झाला आहे. तुझा पालक तो, त्याने मोडलं की मोडलं. लाम्पोन कप्तानाला सांगून ठेवलंय, तो तुला घेऊन येईल. त्या गंधकवाल्याने अडवलं तर सांग, तुझी आई येईल आणि त्याच्या दाराशी बसेल.

त्या शेजारणीला सांग, रडणं मिळालं म्हणूनच धान्य मिळालं. रडली नसती तर कोणी दिलं असतं?

*

आक्रागास, उन्हं तापू लागली आहेत.

लिसिलाकडून आईला.

आई, हे पत्र लाम्पोनच्याच माणसाबरोबर आधी सुटणाऱ्या जहाजाने पाठवते. त्याच्या पाठोपाठ लाम्पोनच्या जहाजाने मी येते आहे. कसं ठरलं ते आधी वाच, म्हणजे मी दारात आल्यावर तुला माझ्या चेहऱ्यावरून काही ताडत बसावं लागणार नाही.

तुझं पत्र मी सोपात्रोसला वाचून दाखवलं. "काळ्या हाताच्या माणसाला" हेही वाचलं, गाळलं नाही. तो ऐकत होता. संपल्यावर उठला, हात धुतले, पुन्हा बसला.

"मला सांगितलं होतं," तो म्हणाला, "आईचा होकार आहे. दुःख होईल म्हणून समोर येत नाही. मी म्हटलं, भेटून येतो. तर तुझा काका म्हणाला, बायकांच्या सणात पुरुषाला जाता येत नाही."

"ते खरं होतं," मी म्हटलं.

"तेवढंच खरं होतं." मग पत्राची घडी घातली. शेवटी म्हणाला, "जहाज परवा निघतंय. तू जा."

"मला घालवतोस?"

"नाही. पण आईच्या मागे चोरून आणलेली बायको मला घरात नको. त्या देत असतील तर घेईन. आणि तुला यायचं असेल तर. तुलाही कोणी विचारलं नव्हतं ना?"

मी म्हटलं, नव्हतं. तो म्हणाला, "मीही नाही विचारलं. तिथे जाऊन ठरव. इथे माझ्यासमोर ठरवू नकोस, मी तोंड पाडून बसेन आणि तुला दया येईल."

सर्दीचं तू बरोबर ओळखलंस. ताप होता, आणि मोठा होता. हिवाळ्याच्या मध्यात मी कोणाला ओळखत नव्हते, तुला हाका मारत होते. त्याने खाण बंद ठेवली आणि माझ्या उशाशी बसला. मी "आई" म्हटलं की तो "ओ" द्यायचा. हे मला शेजारणीने नंतर सांगितलं, त्याने कधीच नाही. तुला कळवायला जहाज नव्हतं, आणि नंतर कळवून तुझा जीव कशाला टांगणीला लावायचा म्हणून लपवलं.

मी काय ठरवलंय ते विचारू नकोस. मला अजून माहीत नाही. तुला बघायचंय एवढंच माहीत आहे.

*

आक्रागास, द्राक्षं उतरवून झाली.

सोपात्रोसकडून लिसिलाच्या आई तिमारेते यांना.

लिहिण्याची मला सवय नाही. चुकलं तर समजून घ्या.

लाम्पोन कप्तान परवा आला. त्याच्याकडून कळलं की लिसिलाचं लग्न तिच्या काकांनी अथेन्सच्या एका तेलाच्या घाण्याच्या मालकाशी ठरवलं आहे. तो म्हणाला, माणूस वयस्क आहे पण घर मोठं आहे, आणि जमिनीवर आहे. शेवटचं त्याने हसून म्हटलं. मी काही वाईट वाटून घेतलं नाही.

तिच्या वस्तू इथे राहिल्या होत्या. पेटी पाठवतो आहे. लोकरीचा झगा वरच ठेवलाय, थंडीआधी लागेल. मागावर सूत ताणायची मातीची वजनं खाली फडक्यात आहेत, एक फुटलं होतं ते नवं करून घेतलं. तापानंतर तिच्या छातीत थोडा खोकला राहिला आहे. ती सांगणार नाही. सातूच्या पाण्यात पुदिना आणि मध घालून दिला की उतरतो, पण ती गार झाल्यावर पिते, तर गरम असतानाच समोर बसून प्यायला लावायला हवं.

आणखी एक. तुमची मुलगी माझ्या घरी एक हिवाळा राहिली. माझी माणसं संध्याकाळी खाणीतून वर यायची आणि कोणाशी न बोलता आपापल्या घरी जायची. दिवसभर अंधारात राहिलं की बोलणं विसरतं. लिसिलाने थंडीत खाणीच्या तोंडाशी पेजेचं मोठं भांडं ठेवायला सुरुवात केली. आता ती गेली तरी ते तिथे बसतात, खातात, एकमेकांना शिव्या देतात, हसतात. मीही बसतो. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते. ते मानतो.

तुमच्या अंगणातून तिला तुम्हाला न विचारता नेलं, हे माझ्या हातून घडलं. मला ठाऊक नव्हतं, पण नेलं मीच.

पेटीबरोबर शुद्ध गंधकाचा एक खडा आहे. घर धुपवायला उपयोगी पडेल.

*

एलेउसिस, पेरणीच्या तोंडावर.

तिमारेतेकडून सोपात्रोस यांना. तुम्ही सुखरूप असा.

तुमची पेटी पोचली. ती आल्यावर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, कारण लिसिला ते नीट सांगणार नाही.

पोरगी आली त्या दिवशी मी तिला दारात धरून ठेवली, आत येऊच देईना. पुढे सगळा उन्हाळा आम्ही बरोबर दळलं, बरोबर विणलं, अंजिरं वाळवली. मला वाटलं, झालं, माझी पोर मला मिळाली. तुमचं नाव मी काढत नव्हते, तीही काढत नव्हती. पण गोष्ट कुठलीही असो, दोन वाक्यांत तिची गाडी आक्रागासला जायची. पहिल्या पत्रात तुम्ही "ते" होतात, दुसऱ्यात "तो" झालात. मी वाचलं होतं, पण वाचलं नाही असं केलं.

मग तुझ्या काकाने, म्हणजे तिच्या काकाने, तो तेलवाला आणला. मला लग्न मोडून हवं होतं, दुसरं जोडून नको होतं. हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला. तो तेलवाला येऊन बसला, आमची अंजिरं खाल्ली, लिसिलाकडे न बघता शेताकडे बघत म्हणाला, "पडीक का ठेवलंय?"

त्यानंतर तुमची पेटी आली. लिसिलाने उघडली, वरचा झगा हातात घेतला आणि अशी रागावली की मी घाबरले.

"हा स्वतःला कोण समजतो?" ती म्हणाली. "मला विचारलं का याने? कोणीतरी बंदरावर काहीतरी बरळलं आणि याने वजनंसुद्धा बांधून पाठवली. फुटकं दुरुस्त करून पाठवलं. म्हणजे मी परत येणारच नाही असं धरूनच चाललाय."

"मग येणार आहेस का?" मी विचारलं.

ती खाली बसली. "तू एकटी पडशील," म्हणाली. मग मला सगळं कळलं. पोर उन्हाळाभर माझ्यासाठी थांबली होती आणि मी तिला मिळवल्याच्या आनंदात होते.

मी दिराकडे गेले. म्हटलं, "पोरीला सिसिलीला जायचंय." तो म्हणाला, "तेलवाल्याला शब्द दिलाय. पोर काय चेंडू आहे का, इकडून तिकडे?" मी म्हटलं, "नाही ना? मग तुम्ही का फेकता?" त्याने दार लावून घेतलं.

तेव्हा मी त्याच्या दाराशी बसले. ही धमकी मी तुमच्यासाठी लिहिली होती, वापरली त्याच्यावर. संध्याकाळी पलीकडची म्हातारी काठी टेकत आली आणि शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या बायका आल्या. आणि मग त्याची बायको, माझी जाऊ ख्रिसिला, जात्यावरून उठून बाहेर आली, पदराचं पीठ झटकलं आणि आमच्यात बसली. तो आतून ओरडला, "भाकरी कोण करणार?" ती म्हणाली, "तेलवाल्याला सांगा. त्याचं घर मोठं आहे."

आम्ही इतक्या हसलो की रस्त्यावरचे लोक थांबले. त्याच्या घरचं जातं थांबलं ते थांबलंच. पुरुष माणूस, कच्चे सातू चावत किती दिवस काढणार? शेवटी बाहेर आला आणि म्हणाला, "न्या तिला कुठे न्यायची ती. पाताळात न्या." मी म्हटलं, "तिथेच नेतोय."

तर आता ऐका. मागच्या वेळी तुम्हाला तिच्या काकाने दिली होती. ते देणं मी मानत नाही. आता मी देते आहे, आणि ती येते आहे. तिला मी विचारलं. लाम्पोनच्या जहाजावर मी स्वतः तिला चढवीन आणि यावेळी ती वळून बघेल तेव्हा मी धक्क्यावर असेन.

एक अट आहे. समुद्र उघडला की पोर माझ्याकडे, पेरणीआधी तुमच्याकडे. देवांनाही याहून चांगला तोडगा सापडला नव्हता.

तापात तुम्ही तिच्या हाकेला "ओ" दिलीत. त्या वेळी ती हाक माझ्यासाठी होती आणि मी समुद्राच्या या बाजूला होते. माझ्या जागी तुम्ही होतात. हे ऋण कसं फेडायचं ते मला माहीत नाही, आणि फेडायची घाईही नाही. असू दे माझ्यावर.

*

आक्रागास, वसंत सरत आला.

लिसिलाकडून आईला.

पहिल्या जहाजाने मी आले नाही म्हणून तू धक्क्यावर काय काय मनात आणलं असशील याची कल्पना आहे. ऐक. मी जहाजावर चढले होते. दोर सोडायच्या आधीच पोटातलं सगळं बाहेर आलं. लाम्पोन म्हणाला, "बाई, अजून आपण उभेच आहोत." सोपात्रोसने मला उचलून खाली आणलं. सुईण आली, पोट चाचपलं आणि म्हणाली, हा समुद्राचा त्रास नव्हे.

आई, हिवाळ्याच्या सुरुवातीला तू आजी होशील. यंदा प्रवास नको असं सुईणीचं म्हणणं. मी तिच्याशी भांडले. सोपात्रोस मधे पडला नाही, फक्त म्हणाला, "तुझ्या आईची अट मोडतेय. मी काय तोंड दाखवू त्यांना?" तो खरंच काळजीत आहे. रोज विचारतो, "लिहिलंस का? काय लिहिलंस? रागावतील का?"

मागच्या शरदात मी पोचले तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं होतं. मी येते आहे एवढं त्याला आधीच्या जहाजवाल्यांकडून कळलं होतं; तो धक्क्यावर उभा होता, धुतलेल्या अंगरख्यात, हात पाठीमागे. मी म्हटलं, "हात दाखव." दाखवले. घासून घासून लाल केले होते, तरी नखांत पिवळं होतंच. मी तुझं पत्र दिलं. त्याने तिथेच उभ्याने वाचलं. "मी देते आहे" पर्यंत आला आणि खाली बसला, दोरखंडाच्या गुंडाळीवर. लोक बघत होते. म्हणाला, "मला कोणी अजून काही दिलं नव्हतं. सगळं खणून काढलं."

मी आनंदात आहे. फक्त एका गोष्टीची भीती वाटते. बाळ येईल तेव्हा समुद्र बंद असेल, आणि जे काही होईल ते तुला वसंतातच कळेल.

*

एलेउसिस, पेरणी झाली. शेवटचं जहाज उद्या.

तिमारेतेकडून सोपात्रोसला.

बाळा, हे पत्र दुसऱ्या कोणाबरोबर पाठवत नाही. मीच घेऊन येते आहे आणि धक्क्यावर तुझ्या हातात देणार आहे. तुला नवल वाटेल, की समोर येतेच आहे तर लिहायचं कशाला? समोर मला बोलता येणार नाही. मी माणसांवर ओरडू शकते, त्यांच्या दाराशी बसू शकते. आभार मानायचे म्हटले की मी भांडी घासायला उठते.

मी जन्मात कधी जहाजावर चढलेली नाही. ख्रिसिला म्हणाली, "जाऊबाई, या वयात?" मी म्हटलं, माझी पोर एकदा गेली ती तिला कोणी न विचारता. मी जाते आहे ती स्वतःच्या पायांनी. आणखी काय पाहिजे? देवीनेसुद्धा आपलं मूल वर यायची वाट पाहिली, खाली कधी उतरली नाही. मला वाट बघायची नाही. हिवाळाभर तुमच्याकडे राहीन. बाळंतपण मी करीन, सुईणीशी मी भांडीन, तू खाणीत जा.

ओढ्याकाठचं शेत यंदा पेरलं. सगळं, बांधापर्यंत. काल ओल चांगली होती, आणि बी टाकताना माझ्या लक्षात आलं की मी गाणं म्हणते आहे. दीर बांधावरून बघत होता. म्हणाला, "वहिनी, कापणीला याल ना?" बिचारा. मी म्हटलं, "तोवर राखा." राखेल तो. मी त्याचंही पाणी आता पिते.

तुला सांगायचं ते एवढंच. माझ्याकडून नेलेलं माणूस जगात कोणी परत आणून दिलं नव्हतं. मृत्यूने माझा नवरा नेला, तो दिला नाही. तू दिलंस, न मागता, आणि मग घराच्या कोपऱ्यात हात धुऊन बसलास. ज्याच्या दारात मी शिव्या द्यायला येणार होते, त्याच्या दारात मी आता नातवंडाला न्हाऊ घालायला येते आहे. देवांनी हे मला जिवंतपणी दाखवलं. त्यांचे आभार मी डोंगरावर जाऊन मानले. तुझे इथे मानते.

वाचून झालं की काही बोलू नकोस. मला समुद्र लागला असेल, आणि लिसिला घरी वाट बघत असेल. माझं गाठोडं घे आणि पुढे चाल. मला रस्ता माहीत नाही. मी तुझ्या मागून येते.